शेक की बर्फ?

कापसाची वेचणी ऐन भरात आली, की यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावी संध्याकाळी एक लहानसा वाद रंगतो. दिवसभर वाकून, कमरेच्या ओटीत कापूस भरून घरी परतलेली सासू पायरीवर टेकते आणि उठताना गुडघ्यावर हात देते. सून म्हणते, ‘‘आई, बर्फ लावून देऊ का?’’ सासूबाई मान हलवतात. ‘‘थंड नको बाई, वात धरील. वीट तापव.’’ सुनेने दवाखान्यात कुणाच्या तरी सुजलेल्या घोट्यावर बर्फाची पिशवी पाहिलेली असते. सासूबाईंनी चाळीस वर्षे मिठाच्या पुरचुंडीने आणि एरंडाच्या पानांनी सांधे शेकलेले असतात. वाचकहो, या वादात दोघींचेही म्हणणे खरे आहे. चूक होते ती वेळ आणि माणूस ओळखण्यात. ही चूक बहुतेकदा किरकोळ ठरते. मात्र आपल्या भागात एका विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत ती अतिशय महाग पडते. त्या रुग्णाकडे आपण पुढे सविस्तर वळणारच आहोत. आधी थंडावा वेदना कशी शमवतो, हे पाहू.

वेदनेची वार्ता मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते. मज्जातंतू थंड झाला, की त्यातून जाणाऱ्या संदेशाचा वेग मंदावतो आणि पुरेसा थंड झाला तर काही काळ संदेश जवळजवळ थांबतो. त्याच वेळी त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ताज्या दुखापतीत ऊतींमध्ये झिरपणारे रक्त आणि पाणी कमी होते व सूज आटोक्यात राहते. तिसरी गोष्ट आपण रोज अनुभवतो. कोपर दाराला आपटले, की हात आपोआप ती जागा चोळू लागतो. स्पर्शाची किंवा थंडाव्याची जाणीव पाठीच्या कण्यातील दारापाशी वेदनेच्या आधी पोहोचते आणि वेदनेची वाट अडवते, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांना तर हे युद्धभूमीवरच दिसले होते. १८०७ च्या फेब्रुवारीत आयलाऊच्या लढाईत, बर्फात गोठलेल्या सैनिकांचे हातपाय कापावे लागले तेव्हा त्यांना अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी वेदना झाल्या, अशी नोंद त्यांनी केली. भूल देण्याचे औषध तेव्हा अजून यायचे होते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पुदिन्याचा अर्क असलेला बाम लावल्यावर गार वाटते, म्हणून तो बर्फाचे काम करतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बाममुळे सांध्याचे तापमान कमी होत नाही. त्वचेतील थंडी ओळखणारे जे ग्राहक असतात, त्यांना मेंथॉल फसवते. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना तापमान व स्पर्शाच्या जाणिवेवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बामने बरे वाटत असेल तर तो जरूर लावावा, त्यात काही गैर नाही. फक्त त्यावर लगेच बर्फाची किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. बाम लावलेल्या त्वचेला खरी थंडी आणि खरी उष्णता किती आहे याचा अंदाज येत नाही, आणि कातडी पोळू शकते.

बर्फाचा खरा मान ताज्या दुखापतीला. धुऱ्यावरून चालताना पाय मुरगळला, ओल्या न्हाणीघरात घसरून मनगट दुखावले, म्हशीने शेपटीऐवजी शिंग फिरवले, तर पहिल्या दोन दिवसांत थंडावा उपयोगी पडतो. पद्धत सोपी आहे, पण ती नेमकी हवी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेचलेला बर्फ घ्यावा, त्यात पेलाभर पाणी घालावे, हवा काढून तोंड बांधावे. पाण्यामुळे पिशवी अंगाला नीट बसते आणि तिचे तापमान शून्याच्या आसपास टिकते. पिशवी व त्वचा यांच्यामध्ये जुन्या धोतराचा वा साडीचा पातळ, ओलसर तुकडा ठेवावा. ओला कपडा थंडी पुढे पोहोचवतो, कोरडा जाड टॉवेल ती अडवतो. साठीपुढच्या माणसाला एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे पुरेत. दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून त्वचा पाहावी. ती लालसर झाली तर ठीक. पांढरीफटक, निळसर किंवा मेणासारखी दिसू लागली तर ताबडतोब थांबावे. पुन्हा लावण्यापूर्वी दोन तास जाऊ द्यावेत. पिशवी पायाला बांधून किंवा तिच्यावर पाय ठेवून झोपी जाणे हा सर्वांत घातक प्रकार आहे.

औषधांच्या दुकानात मिळणारे निळे जेल पॅक सोयीचे असतात, परंतु त्यांच्याबाबत अधिक सावध राहायला हवे. वितळणारा बर्फ शून्य अंशाखाली जात नाही. डीप फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक मात्र शून्याखाली अठरा अंशांपर्यंत थंड असू शकतो. वृद्धांची त्वचा पातळ असते, खालची चरबी कमी झालेली असते आणि अशा त्वचेला हिमदाह व्हायला वेळ लागत नाही. हा पॅक बाहेर काढून काही मिनिटे ठेवावा आणि दुपदरी कपड्यात गुंडाळूनच वापरावा.

ताज्या दुखापतीवर बर्फ लावण्याच्या प्रथेमागेही एक कथा आहे. गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हा चौपदरी मंत्र दिला आणि तो जगभर शाळांच्या मैदानांपर्यंत पोहोचला. सुमारे साडेतीन दशकांनंतर त्याच मर्किन यांनी आपले मत बदलले. सूज ही दुरुस्तीचीच सुरुवात असते, तेव्हा दीर्घकाळ बर्फ लावत राहिल्यास बरे होणे लांबू शकते, असे त्यांनी लिहिले. आपली चूक उघडपणे मान्य करणारा डॉक्टर मला तरी अधिक विश्वासार्ह वाटतो. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच, की बर्फ वेदना कमी करण्यासाठी लावावा, जखम लवकर भरेल या आशेने नव्हे. दोन-तीन दिवसांनी तो बंद करून सांधा हळूहळू हलवू लागावे.

आणि एक गोष्ट बर्फाच्या आधी. वृद्ध व्यक्ती पडली, उभे राहता येत नाही, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले आहे, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची दाट शक्यता असते. तेथे बर्फ लावून, मालीश करून, ‘सकाळी बघू’ म्हणून वाट पाहू नये. पाय न ओढता, आधार देऊन, आहे त्याच स्थितीत रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका याचसाठी आहे. तसेच डावा खांदा, जबडा किंवा हात दुखत असून त्याबरोबर घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर ते दुखणे सांध्याचे नसून हृदयाचे असू शकते. अशा वेळी बर्फ आणि शेक दोन्ही बाजूला ठेवावेत.

आता जुन्या दुखण्याकडे. झिजलेला गुडघा, आखडलेली कंबर, थंडीत कुरकुरणारी बोटे यांच्या बाबतीत सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. सकाळी उठल्यावर सांधे जखडलेले असतात, तेव्हा उष्णतेने स्नायू सैल होतात आणि हालचाल सुलभ होते. पण दिवसभर निंदण किंवा वेचणी करून संध्याकाळी तोच गुडघा हाताला गरम लागत असेल, फुगलेला दिसत असेल, तर त्या वेळी दहा मिनिटांचा थंडावा अधिक आराम देतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांध्यांच्या झिजेसाठी उष्ण किंवा थंड यांपैकी जे मानवेल ते वापरावे, अशी सशर्त शिफारस केली आहे. सशर्त अशासाठी, की पुरावा मर्यादित आहे आणि परिणाम काही तासांपुरता टिकतो. गुडघ्याची झीज बर्फाने भरून येत नाही. तरीही या काही तासांना मोल आहे. वेदनाशामक गोळ्या पानसुपारीसारख्या सहज मिळतात आणि रोज घेतल्या जातात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धाला त्या हळूहळू पोखरतात. संध्याकाळच्या थंडाव्याने आठवड्यातून चार गोळ्या जरी टळल्या तरी तो लाभच होय. फक्त बर्फ काढल्यावर लगेच जिना चढू नये. गारठलेला सांधा काही मिनिटे ताठर असतो आणि तोल जाऊ शकतो.

वात धरण्याच्या भीतीबद्दल दोन शब्द. आयुर्वेदातही प्रत्येक सांधेदुखीला उष्ण उपचार सांगितलेला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा आहे, आणि त्यात रक्त व पित्त प्रबळ असलेल्या, म्हणजे लाल, दाहयुक्त अशा प्रकारासाठी शीत उपचार सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकात ज्याला गाऊट म्हणतात त्याचे वर्णन वातरक्ताशी बरेच जुळते. मध्यरात्री अचानक पायाचा अंगठा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. त्या अंगठ्यावर तापवलेली वीट ठेवणे म्हणजे आगीत तेल. गाऊटच्या उठावात औषधांना जोड म्हणून बर्फ लावल्याने वेदना कमी होतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसले. त्यात रुग्ण केवळ १९ होते, पण पुढे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही बर्फाला स्थान मिळाले. अर्थात औषध टाळून केवळ बर्फावर विसंबणे योग्य नाही, आणि ताप असून सांधा लाल झाला असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना, हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

थंडावा कुणाला नको, हे काळजीवाहकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. थंडीचा दाह होत असताना ‘पुरे’ म्हणण्याची शक्ती हेच आपले संरक्षण असते. दीर्घकाळचा मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पावलांना ही जाणीव उरलेली नसते. पक्षाघाताच्या बाजूलाही बहुधा नसते. विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेल्या आजोबांना जाणीव असते, पण ती सांगता येत नाही. अशांच्या पावलांवर बर्फ ठेवूच नये, आणि अन्यत्र ठेवायचा तर शेजारी बसून, हाताने तपासत राहूनच. चालताना पोटऱ्या भरून येतात, पाऊल गार पडते, पायावरची जखम भरत नाही, अशी लक्षणे असल्यास पायाचा रक्तपुरवठा आधीच अपुरा असतो. थंडीने तो आणखी घटतो. थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी-निळी होणाऱ्यांनी, किंवा थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी बर्फापासून दूर राहावे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, एक मज्जातंतू अगदी त्वचेलगत हाडावरून जातो. तेथे बर्फाची पिशवी घट्ट बांधून बराच वेळ ठेवल्याने पाऊल वर उचलता न येण्याचे प्रकार झालेले आहेत. पिशवी समोरून ठेवावी, पट्ट्याने आवळू नये.

आता त्या रुग्णाकडे वळू. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. यवतमाळ जिल्ह्यातील गोंड, कोलाम, परधान अशा आदिवासी समाजांत तो आहे, आणि अन्य समाजांतही आहे. ‘आमच्यात नसतो’ असे गृहीत धरता येत नाही. या आजारात तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी झाला, की गोल, लवचीक पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, एकमेकींत अडकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. पुढच्या ऊतीला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होते. हाडांत, पाठीत, हातापायांत. थंडी, तहानलेले शरीर, अतिश्रम आणि ताप ही या वेदनेची नेहमीची निमित्ते.

अशा दुखऱ्या हातावर बर्फ ठेवला तर काय होईल, याचा आपणच विचार करावा. मुरगळलेल्या घोट्यात रक्तवाहिनी आकसणे हा लाभ होता. येथे आधीच तुंबलेली वाहिनी आणखी आकसते, अडकलेल्या पेशी तेथेच राहतात आणि वेदना वाढते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला बर्फ कधीही लावू नये. तेथे सासूबाईंची वीटही नको, पण त्यांचे तत्त्व बरोबर आहे. कोमट शेक, उबदार पांघरूण, भरपूर पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, डोळे-ओठ एकदम फिकट होणे किंवा घरच्या उपायांनी न शमणारी वेदना असेल, तर विलंब न करता रुग्णालय.

आजी-आजोबांना हे विशेष सांगण्याचे कारण आहे. आई-बाप वेचणीला किंवा मजुरीला गेलेले असतात आणि नातवंडे त्यांच्या स्वाधीन असतात. सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या बाळाचे हाताचे पंजे किंवा पावले अचानक सुजतात, बाळ हात लावू देत नाही, सारखे रडते. आजीला वाटते, कुठे आपटले असेल. आणि प्रेमापोटी ती शेजारच्या फ्रीजमधून बर्फ आणते. पुष्कळ बालकांत सिकलसेलची हीच पहिली खूण असते. दोन्ही पंजे किंवा दोन्ही पावले एकाच वेळी सुजणे हा सहसा मार लागल्याचा प्रकार नसतो. बाळाला गुंडाळून घ्यावे, दूध-पाणी द्यावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. थोड्या मोठ्या मुलांना हिवाळ्यात पहाटे विहिरीवर गार पाण्याने अंघोळ घालणेही टाळावे. आपल्याकडे पौष-माघात रात्री चांगल्याच गारठतात; शाळेत जाताना स्वेटर आणि कानटोपी या मुलांसाठी औषधाइतकीच आवश्यक.

वाहक आणि रुग्ण यांतील भेद मात्र लक्षात ठेवावा. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेली व्यक्ती वाहक असते. ती सहसा निरोगी जगते आणि तिला साध्या मुरगळीवर थोडा वेळ बर्फ लावल्याने बहुधा अपाय होत नाही. दोघांकडूनही तो आला तर आजार होतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधीची रक्ततपासणी महत्त्वाची. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. वयोमर्यादेमुळे आजी-आजोबा या यादीत येत नाहीत, परंतु वयस्कर माणसाला तरुणपणापासून वारंवार अंगदुखीचे झटके, कावीळ आणि न सुधारणारा पंडुरोग असा इतिहास असेल, तर त्यानेही एकदा तपासणी करून घ्यावी. घरात कुणाचे सिकलसेलचे कार्ड असल्यास ते कपाटाच्या तळाशी न ठेवता जिथे औषधे ठेवता तिथे ठेवावे. दुखले म्हणून हात औषधांकडे जाईल तेव्हा कार्डही दिसेल.

शेतीच्या जिल्ह्यात आणखी दोन प्रसंगी बर्फ आठवतो, आणि दोन्ही वेळी तो नको. सर्पदंशाच्या जागी बर्फ लावल्याने विष थांबत नाही, उलट तेथील ऊती अधिक बिघडतात. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून सरळ रुग्णालय गाठावे. भाजलेल्या जागीही बर्फ नव्हे, तर साधे वाहते पाणी वीस मिनिटे.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही, किंवा उन्हाळ्यात वीज जाऊन फ्रीज नावापुरताच उरतो, त्यांनी निराश होऊ नये. पारा ४५ अंशांवर गेलेल्या कोरड्या मे महिन्यात माठाच्या भिंतीतून झिरपणारे पाणी बाष्प होते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो. एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होताना त्याच्या सातपट उष्णता लागते. म्हणून माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला सुती पंचा गुडघ्यावर घालून पंख्याखाली किंवा वाऱ्यात बसल्यास चांगला थंडावा मिळतो. तो बर्फाइतका खोल जाणार नाही, मज्जातंतू बधिर करणार नाही. परंतु हिमदाहाची भीतीही नाही, आणि नाजूक त्वचेच्या वृद्धांना मला हाच उपाय अधिक सुरक्षित वाटतो. पावसाळ्यात हवा दमट असते, बाष्पीभवन मंदावते, तेव्हा या पंचाचा उपयोग कमी होतो. पंचा गरम झाला की पुन्हा भिजवावा, साधारण दर चार-पाच मिनिटांनी. गोळेवाल्याकडून किंवा बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी बाहेरून लावायला चालते. फक्त तिचा तुकडा पिण्याच्या पाण्यात टाकू नये, आणि पिशवीला भोक नाही ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर आजोबांचे अंथरूण भिजून त्यांचे वेगळेच बोलणे ऐकावे लागते.